दाबून धरलेली कळ

टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आत्याला सगळे 'कात्री' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती फक्त एका सुपरवायझरनं केली होती, आणि पुढे त्यानंच बदली मागून घेतली. परगावी फोन करायचा तर आधी कॉल नोंदवायचा आणि मग ताटकळत बसायचं, असा तो काळ. एवढं ताटकळून लाइन मिळाली की लोक 'हॅलो, ऐकू येतंय का, बोल, नाही नाही, तू बोल' यातच निम्मा वेळ घालवायचे, आणि कॉलची ठरलेली तीन मिनिटं भरली की आत्या कचकन लाइन तोडायची. "तीन मिनिटांत ज्याला मुद्द्याचं बोलता येत नाही, त्याला तीन तास दिले तरी तो हवापाण्यावरच बोलणार," असं तिचं मत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मत बदलावं असं कुणी तिला काही ऐकवलं नाही.

आणि तिनं ऐकलं पुष्कळ. ऑपरेटरच्या फळीवर एक कळ असायची. ती दाबून धरली की पलीकडचा आवाज कानात येई, सोडली की आपण बाहेर. दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला साद घालायची आणि ती 'बोल' म्हणेपर्यंत कळ दाबून बसायचं. सोडली, आणि नेमकी तेव्हाच ती बोलली तर? म्हणून सोडायची नाही. आत्याच्या उजव्या हातात ही सवय इतकी मुरली की घरी भावजय काही सांगायला लागली, तरी तिच्या तळहाताची करंगळीकडची कड टेबलावर घट्ट दाबलेली असायची आणि भावजयीचं बोलणं संपल्यावरच उचलली जायची. भावजयीला वाटायचं, नणंद किती मन लावून ऐकते! बिचारी त्या समाधानातच गेली.

लग्नाचंही असंच झालं. एक स्थळ घरी आलं होतं. मुलगा दिसायला बरा, नोकरीत कायम झालेला. पण चहाचा कप हातात घेऊन तो आपल्या साहेबाचं आपल्यावाचून कसं पान हलत नाही, हे सांगत सुटला. आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठली, त्याच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला आणि आत निघून गेली. पुढे तो मुलगा कुठल्याशा खात्याचा मोठा अधिकारी झाल्याचं कानावर आलं, तेव्हा म्हणाली, "होणारच. साहेबाबद्दल इतकं बोलणारा साहेब नाही होणार तर काय होणार?"

सगळ्या जगात तिच्या तावडीतून सुटलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे 'पलीकडची'.

पलीकडची म्हणजे लाइनच्या दुसऱ्या टोकाची ऑपरेटर. तिचं खरं नाव आत्याला माहीत होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. "पलीकडची, बोल." "अलीकडची, बोलते." एवढ्यावर दोघींची सगळी नोकरी झाली. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलं नाही. लाइन मोकळी असली की दोघी मिळून गिऱ्हाइकांचे वाभाडे काढत. बायकोला 'मी पोचलो' एवढंच सांगायला अर्जंट कॉल लावणारा आणि तेवढंही न सांगता पावसावर बोलत बसणारा व्यापारी; सासऱ्यांचा आवाज आला की घाबरून फोन ठेवणारा आणि परत नोंदवणारा जावई. हसता हसता पलीकडची एकदम म्हणायची, "कळ सोड गं आता. मी काय पळून जातेय?" कारण आत्यानं कळ दाबून धरली की पलीकडचीच्या कानात बारीक खरखर व्हायची.

पुढे यंत्रं आली, एक्स्चेंज बंद झालं, दोघी निवृत्त झाल्या. आणि मग आत्याचा घसा बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या, गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वासापुरतं गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला. जिच्या आवाजाला सुपरवायझर टरकून असायचे, ती बाई आता नुसते ओठ हलवायची आणि समोरचा विचारायचा, "पाणी हवं? औषध? पंखा लावू?" माणसाला यापलीकडे काही म्हणायचं असू शकतं, हे घरात कुणाला सुचतच नसे. लिहून दाखवावं तर बोटं संधिवातानं वाकडी झालेली. पेन धरलं की निसटायचं. टकटक मारता येत होती, तेवढीच. म्हणून पुतण्यानं ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिच्या खोलीत आणून बसवला, आणि आत्या पुन्हा बोलू लागली.

बोलू लागली म्हणजे चावू लागली. पहिलं वाक्य सुनेच्या, म्हणजे पुतण्याच्या बायकोच्या, वाट्याला आलं. आत्याचा आवाज गेल्यापासून सून तिच्याशी एकेक शब्द ताणून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची. "आ-त्या, जे-वा-य-ला च-ला!" आत्यानं पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गळा गेलाय, कान जागेवर आहेत.' सून ओशाळली, हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तशीच ओरडू लागली. सून मनानं चांगली होती, हे आत्या नाकारत नसे. तिच्या मते मनानं चांगल्या माणसांना बहुधा डोक्याची सवलत मिळालेली असते.

पुतण्या विमा कंपनीत होता आणि घरातही विमा कंपनीसारखाच वागायचा. सगळं होऊन गेल्यावर यायचा आणि चौकशी करायचा. कॉम्प्युटरमधून टुंग-टांग आवाज येतात म्हणून आल्या आल्या त्यानं त्याचा आवाज बंद करून टाकला होता. "मुक्याच्या गळ्यात मुकं यंत्र बांधलंस," असं आत्यानं त्याला लिहून दाखवलं. त्याला ते कौतुक वाटलं.

त्याच कॉम्प्युटरवर पलीकडचीही पुन्हा सापडली. ती आपल्या घरून टॅबवर एका बोटानं लिहायची, आत्या इथून वाकड्या बोटांनी भराभर ठोकायची. कितीही वर्षं झाली तरी सुरुवात तीच, 'पलीकडची, बोल.' गिऱ्हाइकं संपली होती, पण मूर्खांचा पुरवठा चालूच होता.

तर त्या दुपारी पलीकडची हॉस्पिटलच्या कॉटवरून बोलत होती. गेले काही महिने तिचाही घसा बसला होता. 'तुझी साथ लागली,' असं तिनं लिहिलं होतं आणि आत्यानं 'फोनवरून लागली असेल, तोंड आवर' असं उत्तर ठोकून दिलं होतं. आज मात्र पलीकडची नेहमीसारखी 'बोलते' म्हणाली नाही. पडद्याच्या कडेला नुसतं 'लिहीत आहे… लिहीत आहे…' दिसत राहिलं.

आत्या वाट बघत बसली. उजव्या हाताची कड सवयीनं खाली टेकली आणि दाबली गेली. एरवी ती टेबलाच्या कडेवर टेकायची. पण सकाळी सुनेनं टेबल पुसलं होतं आणि कीबोर्ड पार कडेपर्यंत ओढून ठेवला होता. त्यामुळे आत्याचा हात आज लाकडावर न पडता कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या शिफ्टच्या बटणावर पडला, आणि पलीकडचीचं लिहिणं संपेपर्यंत तिथेच घट्ट राहिला.

आता या कॉम्प्युटरांत एक सोय केलेली असते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांची बोटं थरथरतात, चुकून भलत्या बटणावर पडतात, अशांसाठी ती असते. उजवीकडचं शिफ्टचं बटण बराच वेळ दाबून धरलं की कॉम्प्युटरला वाटतं, या माणसाला सांभाळून घ्यायला हवं. तो एक चौकट दाखवून विचारतो, घेऊ का सांभाळून? हो म्हटलं की मग तो हलके, भराभर पडणारे ठोके चुकून पडले असं समजून सोडून देतो, आणि बोट रोवून दाबलेलं बटण तेवढं ऐकतो. विचारताना तो शिट्टीही वाजवतो, पण त्याची शिट्टी पुतण्यानं आधीच काढून घेतली होती.

चौकट आली. आत्यानं ती वाचलीसुद्धा नाही. कॉम्प्युटरच्या चौकटी तिला नव्यानं भरती झालेल्या सुपरवायझरसारख्या वाटायच्या. बोलावलेलं नसताना येऊन उभं राहायचं आणि उगीच काहीतरी विचारायचं. अशांना ती एकच उत्तर द्यायची. तिनं एंटरचं बटण हाणलं आणि चौकट निघून गेली. एक यंत्र आपल्यावर दया करायची परवानगी मागत होतं आणि आपण ती दिली, हे तेव्हा कळलं असतं तर आत्यानं ते खिडकीतून खाली टाकलं असतं.

पलीकडचीचं लिहिणं पडद्यावर आलं.

'अलीकडची, डॉक्टर म्हणतात काढावं लागेल. तुझं काढलं तेच. नाही काढलं तर फार दिवस नाहीत. मुलगी म्हणते काढ, मुलगा म्हणतो या वयात कशाला हाल. संध्याकाळी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा हो की नाही सांगायचं आहे. मला फक्त तुझं ऐकायचंय. आवाजाशिवाय राहता येतं का? टोमणा मारू नकोस. खरं सांग.'

आत्यानं ते दोनदा वाचलं. मग बोटं उचलली आणि ठोकायला सुरुवात केली. मोठं आणि भारदस्त असं काहीतरी तिच्या मनात तयार होतं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिनं पुन्हा ठोकलं. रेघ नुसती जागच्या जागी लुकलुकत राहिली.

तिनं टेबलावर मूठ आपटली. सून धावत आली.

"का-य झा-लं आ-त्या? पा-णी?"

आत्यानं कीबोर्डकडे बोट केलं, एक बटण ठोकलं, पडदा दाखवला. सुनेनंही एक बटण ठोकलं. मग दुसरं. मग बोटांनी सगळ्या रांगांवरून पेटीवादकासारखा हात फिरवला. "अगंबाई, मेलाच की हा!" असं म्हणून तिनं पुतण्याला हाक मारली. सुट्टीचा दिवस होता, तो आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. तो आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटचं कधी चालू होता?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. ज्या माणसाला उत्तर देता येत नाही त्यालाच प्रश्न विचारायचा, ही विमा कंपनीची जुनीच पद्धत असावी.

पुतण्यानं वायर काढली, फुंकली, परत लावली. टकटक. काही नाही. दुसऱ्या भोकात लावली. टकटक. काही नाही. "उलटा करून बघू," म्हणाला आणि कीबोर्ड उलटा करून हापटला. त्यातून बिस्किटाचा चुरा, एक केसांची पिन आणि त्याच्याच शर्टाचं बटण पडलं. ते बटण तो महिनाभर शोधत होता. ते सापडल्याच्या आनंदात मूळ काम बाजूला राहिलं आणि "बघ, इथं होतं, आणि तू म्हणत होतीस धोब्याकडे गेलं," असं म्हणून नवरा-बायकोत त्यावर छोटीशी चकमकही झाली. आत्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडची वाट बघत असणार.

मग पुतण्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हा त्याचा हुकमाचा एक्का. ऑफिसमध्येही तो सगळ्यांना हेच सांगतो, असं तो म्हणाला. कॉम्प्युटर चालू झाला, पलीकडचीचं लिहिणंही पडद्यावर परत आलं, पण एकदा मनावर घेतलेली दया त्यानं काही सोडली नाही. टकटक. काही नाही.

"साहेबांना बोलावतो," पुतण्या म्हणाला.

साहेब म्हणजे वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर. ते पूल बांधत होते की पुलांच्या फायली हलवत होते, हे इमारतीत कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. पण कुणाच्याही घरी काहीही बिघडलं की ते आपला स्क्रू-ड्रायव्हरचा संच घेऊन उतरायचे. आणि काम झालं की त्यांच्या तळहातावर हमखास एक-दोन स्क्रू उरायचे. "हे एक्स्ट्रा होते," असं ते सांगायचे.

"काय आजी, काय म्हणतोय तुमचा कॉम्प्युटर?" ते आत शिरता शिरता म्हणाले.

आत्याला आजी म्हटलेलं चालत नसे. ती कुणाचीच आजी नव्हती, आणि या माणसाची असण्याची कल्पना तर तिला अंगावर पाल पडल्यासारखी वाटली.

"सिम्पल आहे वहिनी," इंजिनिअर सुनेला म्हणाले. तोवर त्यांनी खुर्चीही ओढली नव्हती. "यात आत एक पातळ कागद असतो. दमट हवा लागली की तो चिकटतो. हेअर ड्रायर आहे?"

हेअर ड्रायर आला. कीबोर्डला गरम हवा देण्यात आली. शेजारच्या औषधांच्या कागदी पुड्या उडाल्या, त्या सुनेनं पलंगाखाली शिरून गोळा केल्या. टकटक. काही नाही.

"मग कीबोर्डच गेला. माझा आणतो." इंजिनिअर वर गेले, आपला स्वतःचा काळा चकचकीत कीबोर्ड घेऊन आले. तो लावला. तिघांनी आळीपाळीनं त्यावर बोटं आपटली. तोही मुका.

इंजिनिअर उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि मोठ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "मदरबोर्ड."

"अरे बाप रे," पुतण्या म्हणाला.

"तरी मी म्हणतच होते," सून म्हणाली. ती असं कधीच काही म्हणत नव्हती.

आत्या पलंगावर बसून हे बघत होती. तिघांचेही गळे ठणठणीत होते. आणि त्या तीन ठणठणीत गळ्यांतून एवढ्या वेळात जे काही बाहेर पडलं होतं, त्यातलं एक वाक्य निघालं नसतं तरी जगाचं काही अडलं नसतं. तिच्या मनात एकामागून एक उत्तरं तयार होत होती, नेमकी, धारदार. आणि तिथेच पडून राहत होती. मदरबोर्डवर तर तिला असं काही सुचलं होतं की ते पलीकडचीला सांगायलाच हवं होतं.

तेवढ्यात पुतण्याची नजर पडद्यावर गेली. पलीकडचीचं लिहिणं तिथेच होतं. त्यानं ते वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं तरी ओठांवर येऊ द्यायचं नाही, हा आत्याच्या धंद्यातला पहिला धडा. आणि हा गृहस्थ शेजाऱ्यासमोर ते पेपरातल्या बातमीसारखं वाचत होता. 'आवाजाशिवाय राहता येतं का' इथपर्यंत आला आणि थांबला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअर छताकडे बघू लागले.

"आत्या, एवढंच ना?" पुतण्यानं खिशातून मोबाईल काढला. "मी कळवतो त्यांना. नंबर आहे माझ्याकडे. काय लिहू? 'पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल.'" आणि तो लिहायलाही लागला.

"हात जोडलेले टाका खाली," इंजिनिअर म्हणाले. "आणि एक फूल."

आत्या ताडकन उठली. वाकड्या बोटांनी तिनं पुतण्याच्या हातातला मोबाईल हिसकला, पलंगावर टाकला आणि त्यावर बसली.

"आत्या, अगं!"

आत्या हलली नाही. तीनही माणसं तिच्याकडे पाहत उभी राहिली. ती मान हलवून, ओठ हलवून काहीतरी सांगत होती. दातओठ खाऊन सांगत होती. सुनेनं वाकून तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "पं-खा?"

शेवटी पुरुष मंडळी मदरबोर्डचं काय करायचं ते ठरवायला गॅलरीत गेली, सून चहा टाकायला गेली, आणि आत्या एकटी उरली.

ती खुर्चीत येऊन बसली. प्रश्न पडद्यावर तसाच होता. टोमणा मारू नकोस. पलीकडची तिला पुरती ओळखून होती. ऑपरेशननंतरचं ते पहिलं वर्ष आत्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सकाळी जाग आली की हाक मारायला तोंड उघडायची, आणि गळ्यातून नुसती हवा जायची. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायची. समोरचा काय मूर्खपणा करतोय, हेही तेव्हा दिसत नव्हतं. सगळी माणसं एकसारखी, धुरकट. पुढे कॉम्प्युटर आल्यावर पलीकडचीला मात्र तिनं नर्सच्या बुटांवर आणि डॉक्टरच्या केसांवर विनोद लिहून पाठवले होते.

आताही तिच्या मनात जे भारदस्त उत्तर तयार होतं, ते तसलंच होतं. आवाज कसा नश्वर असतो वगैरे. तिला स्वतःची शिसारी आली. इंजिनिअरच्या फुलापेक्षा ते काही फार वेगळं नव्हतं.

रागानं तिनं समोरच्या बटणावर बोट रोवलं. ठोकलं नाही, एखाद्या बडबड्या गिऱ्हाइकाचा गळा दाबावा तसं दाबून धरलं. आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं.

आत्या बघतच राहिली. तिनं बोट उचललं, पुन्हा ठोकलं. काही नाही. पुन्हा रोवलं, थांबली. अक्षर आलं.

असं आहे तर. घाईचं ऐकायचं नाही, असं या गाढवानं ठरवलंय. का, ते तिला कळलं नाही. पण नेम चुकला नाही तर एकेक अक्षर काढता येत होतं, आणि हातात वेळ थोडा होता. डॉक्टर आता येतील. भारदस्त उत्तर परवडण्यासारखं नव्हतं. लोकांना तीन मिनिटांत मुद्द्यावर या म्हणून सांगणाऱ्या बाईवर आज तीच पाळी आली. तिनं बोट रोवलं, थांबली, उचललं. रोवलं, थांबली, उचललं. एकेका शब्दाला केवढा तरी वेळ.

'पहिलं वर्ष फार वाईट गेलं.'

पाठवलं.

'मग मूर्ख पुन्हा दिसायला लागले.'

पाठवलं. गॅलरीतून इंजिनिअरांचा आवाज येत होता, "मदरबोर्ड म्हणजे काय, की कॉम्प्युटरचं हृदय." आत्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. तिच्या लक्षात आलं, आज दुपारभर, मोबाईल हिसकावण्याचा तो एक क्षण सोडला तर, तिला आवाजाची आठवणही झाली नव्हती. इतकी करमणूक चालली होती.

'आता राहता येतं. काढ.'

पाठवलं, आणि वाट बघत बसली. कडेला 'लिहीत आहे…' आलं. आत्याचा उजवा हात सवयीनं खाली आला आणि त्याची कड त्याच कोपऱ्यातल्या बटणावर घट्ट दाबून बसली. पलीकडची सावकाश, एका बोटानं लिहीत होती.

'किती वेळ लावलास. डॉक्टर दारात उभे आहेत, मी हातानं थांबवून ठेवलेत. तुझं नुसतं लिहीत आहे, लिहीत आहे दिसत होतं. एवढ्या सावकाश तू आयुष्यात कधी बोलली नाहीस, म्हणजे खरं बोललीस. हो सांगते त्यांना. जाते. कळ सोड आता.'

आत्यानं हात उचलला. पण तोवर बटण बराच वेळ दाबलेलं राहिलं होतं. ती सोय जशी सुरू होते तशीच बंदही होते, त्याच बटणानं. यंत्रानं आपली दया मुकाट्यानं परत घेतली होती, आणि हे आत्यालाही कळलं नाही.

गॅलरीतली मंडळी आत आली. "शेवटचा प्रयत्न," इंजिनिअर म्हणाले. ते टेबलाखाली शिरले, मागची एक वायर, जिचा कीबोर्डशी काहीच संबंध नव्हता, काढून परत खोचली आणि खालूनच ओरडले, "दाबा!"

पुतण्यानं टकटक केलं. पडद्यावर अक्षरांची रांग उमटली.

"झालं!" पुतण्या ओरडला. "मी सकाळीच म्हणत होतो, लूज कनेक्शन." सकाळी कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता.

"लूज नाही, अर्थिंग," टेबलाखालून आवाज आला. पाठोपाठ इंजिनिअर बाहेर निघाले. गुडघ्यांना धूळ, चेहऱ्यावर विजय. एक स्क्रू त्यांच्या तळहातावर होताच. "हा एक्स्ट्रा होता."

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. "आ-त्या! झा-लं हो! साहेबांनी के-लं!"

आत्यानं तिघांकडे पाहिलं. पलीकडचीचं वाईट वर्ष उद्यापासून सुरू व्हायचं होतं. भिंतीकडे तोंड करून पडल्यावर तिला माणसं धुरकट दिसायला लागतील, तेव्हा कुणीतरी ती ओळीनं उभी करून, नावनिशीवार तिच्यासमोर मांडायला हवीत. नर्सच्या बुटांवर भागायचं नाही. चांगला, भरघोस माल लागेल. आणि तो इथं चहाच्या वाफेत, गुडघ्याची धूळ झटकत उभा होता.

तिनं भराभर ठोकलं, 'बसा. दुरुस्त कसं केलंत ते पहिल्यापासून सांगा. सविस्तर.'

पुतण्यानं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. आत्यानं कुणाला सविस्तर बोलायला सांगितल्याचं त्याला जन्मात आठवत नव्हतं.

"बघितलंत?" तो इंजिनिअरांना हळूच म्हणाला. "इम्प्रेस झालीय."

इंजिनिअरांनी खुर्ची ओढली. चहाचा एक घोट घेतला, स्क्रू खिशात टाकला, घसा साफ केला. "आता असं आहे आजी," ते म्हणाले, "मुळात वीज म्हणजे काय, इथून सुरुवात करायला लागेल."

आत्यानं मान डोलावली. तिनं ऐकायचा चेहरा केला, आणि तिचा उजवा हात सवयीनं हळूच खाली आला.